घेवडा, कळलावी आणि दोन कमरांचं गुणसूत्र

"मावशी, टेबलाला धक्का देऊ नको हं!" भाची ओरडली. धक्का कसला, मी श्वास घ्यायचीही विसरले होते. भालकीहून सकाळच्या बसने गुलबर्ग्याला आले (कलबुर्गी आमच्याकडे फक्त पाटीवर) ती तिला डबा द्यायला. आणि प्रयोगशाळेत हे!

भिंगाखाली जांभळ्या फुल्या-काड्या, म्हणजे एका पेशीतली गुणसूत्रं. मोजल्या, शेहेचाळीस. प्रत्येकीला एक बारीक कंबर. पण एक लांबुडकी चक्क दोन कमरांची! आणि एक तुकडा बिनकमरेचा.

"एक्स-रेचं काम," भाची म्हणाली. नळीतल्या रक्तालाच किरण दिले होते, माणसाला नव्हे. किरण जाता जाता इलेक्ट्रॉन उडवतात, पेशीतलं पाणीही फोडतात आणि डीएनएची दोरी दोन्ही पदरांनी तुटते. पेशी बिचारी सांधायला धावते, पण कधी एकाचं टोक दुसऱ्यालाच जोडून बसते. दोन्ही कमरा एकीकडे, शेपटं दुसरीकडे!

मला खरं वेड लावलं ते पुढेच. रक्तातल्या या पांढऱ्या पेशी एरवी झोपलेल्या. विभागल्याच नाहीत तर गुणसूत्रं दिसणार कशी? त्यांना उठवतो कोण, तर घेवडा! राजम्याच्या दाण्यांचा अर्क. तो वापरायचे लाल पेशींच्या गुठळ्या करून त्या वेगळ्या काढायला. १९६० च्या सुमारास फिलाडेल्फियात संशोधक पीटर नॉवेल यांना दिसलं, पांढऱ्या पेशी विभागायलाच लागल्या आहेत! आणि ४८ तासांनी, ऐन विभागणीत त्यांना थोपवतं कॉल्चिसिन. ते कशात असतं? आपल्या कळलावीत! आजोळच्या कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलायची, "हात लावशील तर बघ" म्हणून आजी दटावायची, तीच ती.

दोन कमरांचं गुणसूत्र एरवी हजार पेशींत जेमतेम एखादं. किरणांची मात्रा वाढली की त्यांची संख्याही वाढते, म्हणजे किती किरण लागले ते रक्तच सांगतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी मोजणी होते.

माझ्या पोटात गोळा. "अगं, मागच्याच महिन्यात बिदरला छातीचा एक्स-रे काढलाय मी!"

"त्याच्या साधारण हजारपट मात्रा लागते या चाचणीत दिसायला. सरक, दुसरी पेशी लावते."

एकोणीस पेशी पाहिल्या. दोन कमरांची आणखी दोन सापडली! विसावी शोधत होतो तेवढ्यात अटेंडर किल्ल्या वाजवत आला, "साकु मॅडम, साकु." म्हणजे पुरे! दुपारची बस केव्हाच गेली होती. डबा तसाच बंद.