तबकडीचें कुलूप

आम्ही छत्तीस वर्षें अध्यापन करून निवृत्त झालों. त्यांतील निदान निम्मा काळ विद्यार्थ्यांच्या नकला पकडण्यांत गेला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. नक्कल करणाराविषयीं आमच्या मनांत दयामाया म्हणून नव्हती. परंतु गेल्या दसऱ्यास आमच्या दिवाणखान्यांत जो प्रकार घडला, त्यानें ह्या निष्ठुरतेस किंचित् तडा गेला आहे.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टि दिवसेंदिवस मंदावत चाललेली. आमच्या कैलासवासी बंधूंसह त्यांनीं एके काळीं सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ पाहिला होता. डोळे आहेत तोंवर तो पुन्हां एकदां पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. न्यू जर्सीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं त्याची ब्लू-रे तबकडी रीतसर मोल देऊन घेतली व इकडे पाठविली.

दसऱ्याचें सोनें वाटून झाल्यावर सारें घर यंत्रासमोर बसलें. तबकडी आंत गेली, पण चित्र उमटेना. नातू म्हणाला, “आजोबा, यंत्र जुनं झालंय, इंटरनेटला जोडूं या.” अर्धा तास यंत्र दूरच्या कोठारांतून नवें ज्ञान घेत बसलें. तेवढ्यांत नातवानें आम्हांस सांगितलें तें असें : तबकडीवरील मजकूर गूढलिपींत असतो व तो उलगडण्याची किल्ली यंत्राच्या पोटांत असते. एखादी किल्ली चोरांच्या हातीं पडली, कीं पुढील तबकड्या तिला ओळख देत नाहींत. २००७ सालीं संगणकावरील कांहीं प्रणालींच्या किल्ल्या अशा फुटल्या व प्रामाणिक गिऱ्हाइकांनाहि त्या प्रणाली नव्या करून घ्याव्या लागल्या.

इतकें होऊनहि यंत्राचा नकार कायम! अखेर माहितीपुस्तिकेंत कारण सांपडलें. ह्या व्यापाऱ्यांनीं पृथ्वीचे तीन भाग केले आहेत : अमेरिका व जपान ‘ए’ विभागांत, युरोप ‘बी’ विभागांत आणि आपला भारत ‘सी’ विभागांत. ‘ए’ची तबकडी ‘सी’च्या यंत्रास वर्ज्य, इंटरनेटनेंहि ती सोवळ्यांत येत नाहीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, पैसे मोजले ना आपण? मग चोर आपण कसे ठरलों?”

ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कलावंताच्या श्रमांचें मोल बुडवूं नये, हें आम्हांस आजहि सर्वस्वीं मान्य आहे. पण डीव्हीडीचें कुलूप १९९९ सालींच फुटलें, ब्लू-रेचेंहि फुटलें. म्हणजे चोर केव्हांच आंत गेला आणि उंबऱ्याबाहेर राहिल्या त्या आमच्या वहिनी. शिवाय ह्या बोलपटाचाच इतिहास पाहा. १९९३ सालीं लंडनच्या आगींत त्याची मूळ फिल्म होरपळली. इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांनीं ती मोठ्या कष्टानें सांधली. जो भाग हातीं लागण्याजोगा नव्हता, तो इतरत्र जपलेल्या प्रतींवरून भरून काढला. तेव्हां कोठें २०१५ सालीं ही तबकडी निघाली. प्रती होत्या म्हणून जें वांचलें, त्याचीच प्रत होऊं नये म्हणून एवढा पहारा!

दुसऱ्यास नांवें ठेवण्यापूर्वीं आमची चूकहि सांगितली पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली आम्ही वर्षानुवर्षें कंबरेस लावून हिंडलों. पुस्तकें चोरीस गेलीं नाहींत, हा आमचा अभिमान. एका पावसाळ्यानंतर कपाट उघडलें, तों खालचे दोन कप्पे वाळवीनें फस्त केलेले. मुलांच्या हातांत तीं फाटलीं असतीं, तर निदान वाचून फाटलीं असतीं.

मार्गशीर्षांत चिरंजीव तिकडचें यंत्र घेऊन आले. त्यास तिकडचाच विजेचा दाब लागतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरहि विकत आणावा लागला. एका तबकडीपायीं आतां दिवाणखान्यांत दोन यंत्रें शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. वहिनींची खुर्ची पडद्याच्या अगदीं जवळ ठेविली. काशाच्या रानांतून आगगाडी पाहण्यास धांवणारीं तीं भावंडें आलीं, तेव्हां त्या पुढें वांकून म्हणाल्या, “दिसलीं हं मला.”