गणेराचं कार्ड

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर हिंडताना दहा वर्षं मी झाडांची वही ठेवत आले. खिशात मावेल अशी, निळ्या पुठ्ठ्याची. एक भरली की दुसरी, अशा सात झाल्या. कुठलं झाड कोणत्या वाटेवर, पानं कधी गाळतं, फुलाला वास कसा, सगळं त्यात आहे. एका फेब्रुवारीत खाणीच्या वरच्या अंगाला एक निष्पर्ण झाड पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं दिसलं आणि मी जागीच थबकले. नाव काही केल्या आठवेना. घरी येऊन वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीत, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं: गणेर. शेजारी फुलाचं चित्रसुद्धा, पाच पाकळ्या आणि मधे केसरांचा झुबका.

त्या दिवशी वाईट वाटलं ते नाव विसरल्याचं नव्हे. इतक्या प्रेमानं लिहिलेलं आपणच परत कधी उघडलं नाही, याचं वाटलं. लिहून ठेवलं की मन निर्धास्त होतं, आणि निर्धास्त मन विसरायला मोकळं होतं.

आपल्याकडे या दुखण्यावरचा शब्द फार जुना आहे: उजळणी. पितळेची समई रोज घासली तर हात भरून येतात, वर्षभर तशीच ठेवली तर तिच्यावर हिरवट थर चढतो. झळाळी जरा मंद होऊ लागली की चिमूटभर चिंचेनं काम होतं. आठवणीचंही असंच आहे. तिन्हीसांजेला दिवा लावून परवचा म्हणत, तेव्हा पाढे, पावकी, निमकी असं सगळं रोज, अथपासून इतिपर्यंत म्हटलं जाई. बेचा पाढा झोपेतही येणाऱ्या मुलाला तो म्हणावाच लागे, आणि एकोणतीसच्या पाढ्याशी अडखळणाऱ्यालाही वेळ तेवढाच मिळे. कुठली गोष्ट केव्हा मंद होते याचा हिशेब ठेवायला कोणी नव्हतं.

तो हिशेब हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून मांडला. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या, काही वेळानं त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजायचं. १८८५ साली त्याचं पुस्तक निघालं. तासाभरात निम्म्याहून अधिक निसटतं, दिवसाअखेर तिसरा हिस्सा उरतो, महिन्यानं जेमतेम पाचवा. मला त्यातली दुसरी बाजू जास्त दिलासा देते: गळती सुरुवातीला भराभर होते, मग मंदावते. म्हणजे पहिले काही दिवस सांभाळले, तर पुढे अंतर वाढवता येतं.

सेबास्टियन लाइटनरनं १९७२ साली त्यासाठी चिठ्ठ्या ठेवायची कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या, उशिरानं उघडायच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पोलंडच्या पोझ्नान शहरात शिकणाऱ्या प्योत्र वोझ्निअकनं १९८७ मध्ये हे काम संगणकाला दिलं आणि सुपरमेमो तयार झालं. त्याचं सूत्र साधं होतं: पहिली भेट १ दिवसानं, दुसरी ६ दिवसांनी, मग दर वेळी साधारण अडीचपट. १५ दिवस, ३८, ९४. अडखळलात तर ही पट कमी होते. हेच काम करणारं, प्रश्नोत्तरांची कार्डं दाखवणारं डेमियन एल्म्सचं अंकी २००६ साली आलं. मराठी कानाला नाटकातला अंक आठवतो, पण जपानीत या शब्दाचा अर्थ पाठांतर. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळतं, देवनागरीही चांगली पेलतं.

याहून सोपी साधनंही आहेत. काही ॲप पुस्तकात आपण अधोरेखित केलेली वाक्यं रोज सकाळी थोडी थोडी समोर आणून ठेवतात. तेही बरंच आहे, पण माझं मन त्यात रमलं नाही. समोर आलेलं वाक्य ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजे आठवण नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवून पाहणारे. वहीनं मला दाखवू नये, विचारावं.

म्हणून अंकीतल्या कार्डांसाठी वह्यांमधून प्रश्न काढायला बसले. मुळात कठीण काम हेच. पहिल्या आठवड्यात मी पानंच्या पानं जशीच्या तशी उतरवली आणि ती कार्डं समोर आली की अंगावर काटा येई. मग एका कार्डावर एकच गोष्ट ठेवू लागले. ‘मेंढीच्या शिंगासारखी वाकडी शेंग कुणाची?’ मेडशिंगीची. ‘खाणीच्या वर, पान नाही, पिवळी फुलं?’ जे पुन्हा भेटावंसं वाटत नाही, ते वहीतच राहू दिलं. सात वह्यांतून जेमतेम तीनशे कार्डं निघाली. प्रत्येक लिहिताना, हे मला खरंच हवं आहे का, असं स्वतःला विचारावं लागलं. दहा वर्षांत वही लिहिताना ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

अंकीत उत्तर उघडलं की खाली चार बटणं असतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. कोणी बघत नसतं. ‘ओठांवर होतं’ असं म्हणून गुड दाबता येतं, पण मग ते झाड नेमकं टेकडीवर दगा देतं. चार दिवस गावाला गेलं की कार्डांचा ढीग साचतो. तेव्हा घाबरून सोडून देऊ नका, रोज वीसेक काढत राहा, ढीग उतरतो.

गेल्या जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, गणेराचं कार्ड आलं. डोळे मिटले तर ती पिवळी फांदी लख्ख दिसली. गुड बटणावर आकडा होता, साडेसात महिने. म्हणजे ते आता फेब्रुवारीअखेर येईल. टेकडीवर गणेर फुलतो, तो त्याच सुमारास.