वस्तादांचे दोनशे

आमच्या यवतमाळकडे वाळूला रेती म्हणतात, आणि नदीतून ती जिथून उचलतात त्या सपाट जागेला घाट. या बिनचढाच्या घाटावर मी जेवढे ड्रायव्हर रडताना पाहिले, तेवढे डोंगरातल्या घाटात नाही.

१९९१ साली बारावीत आपटलो आणि पांढरकवड्याकडच्या एका रेतीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. गाडी सहा चाकी टाटा, नदी पैनगंगा. ड्रायव्हरला सगळे वस्ताद म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

पात्रात उतरण्याआधी वस्ताद गाडी काठावर थांबवत आणि मला चाकांची हवा सोडायला लावत. पहिल्या दिवशी वाटलं, नव्या पोराची मजा घेताहेत. शंभराच्या आसपासची हवा सत्तरवर यायची. मीटर नावालाच. टायरवर लोखंडी टॉमी ठोकून ते आवाज ऐकत आणि म्हणत, "अजून जराशी." का, ते त्यांनी काठेवाड्यांचे उंट दाखवून सांगितलं. हे लोक मेंढ्या घेऊन आमच्या शिवारात उतरतात. "उंटाचा पाय, पाय कसा पसरते. बैलाचा खूर, पाय कसा घुसते. टायरचा उंट करा लागते, बापू." हवा कमी झाली की टायर बसतं, त्याचा ठसा लांबतो आणि तेच वजन जास्त रेतीवर वाटलं जातं. पण भरल्या गाडीची हवा फार उतरवली तर टायरची बाजू फाटते. डांबरीवर तशीच पळवली तर टायर तापून फुटतं. म्हणून काठावर आलं की पंक्चरच्या दुकानापर्यंत बैलगाडीच्या चालीनं जायचं.

बाकी सगळं पायात होतं. दुसऱ्या गिअरवर उठायचं, मध्ये गिअर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, वळण मोठं घ्यायचं, आलो त्याच चाकोरीनं परत जायचं. पहाटेची ओलसर रेती धरून ठेवते, दुपारची कोरडी पायाखालून सरकते.

हे सगळं पाठ असूनही मार्चमधल्या एका संध्याकाळी, वस्ताद चहाला गेलेले असताना, मी भरली गाडी काढायला गेलो. चाक फिरलं, मी एक्सिलेटर दाबला. ते आणखी फिरलं, मी आणखी दाबला. मागचा एक्सल रेतीला टेकला आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास पात्रभर सुटला.

वस्ताद धावत आले नाहीत, चालत आले. "पाय काढ पयले," एवढंच बोलले. मग आम्ही अर्धी रेती खाली ओढली, चाकांपुढची उकरली, वरच्या शेतातून पऱ्हाट्या आणि तुराट्या आणून चाकांखाली अंथरल्या आणि हवा आणखी उतरवली. जळक्या क्लचनं गाडी कशीबशी निघाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

पुढे मी पुस्तकात वाचलं की राल्फ बॅग्नोल्ड नावाचा इंग्रज अधिकारी १९२० आणि १९३०च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात हेच करत होता: टायरची हवा सोडायची आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या घालायच्या. पट्ट्यांच्या जागी पऱ्हाटी वापरणाऱ्या माणसानं त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी मालकानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी तोंड उघडायच्या आत वस्ताद म्हणाले, "मीच." त्यांच्या पगारातून दोनशे रुपये कापले गेले. माझी नोकरी राहिली. पुढं लायसन्स निघालं, आणि आज घर आहे ते त्या लायसन्सवरच.

दोन वर्षांनी ते पैसे घेऊन ट्रकनंच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, नोटा माझ्याच खिशात परत कोंबल्या आणि विचारलं, "येताना हवा पायली का?" नव्हती पाहिली. बाहेर येऊन त्यांनी टॉमी घेतली आणि सहाही टायरं स्वतः ठोकून पाहिली.

वस्ताद आता नाहीत. दोनशे रुपये अजून माझ्याकडेच आहेत.