पाया परका, गाडी कुणाची?

'ही गाडी जुन्या परदेशी डिझाइनवर बांधलेली आहे' हे वाक्य अमेरिकेत शिवीसारखं वापरतात. आमच्या डेट्रॉइटकडे तर जरा जास्तच. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी डॉज चॅलेंजरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतोच, "सोड रे, ती आतून जुनी मर्सिडीज आहे!"

आता मंडळी, ज्यांचं बालपण फियाटच्या मागच्या सीटवर गेलं त्यांना यात शिवी कुठे आहे तेच कळत नाही. आपल्याकडे जुन्या परदेशी डिझाइनवरच्या गाडीला नुसतं 'गाडी' म्हणत. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे फियाट ११००. आमच्या बाबांनी हौसेने घेतलेली ११८ एनई त्याच्याही पुढची. अंग १९६६ च्या फियाट १२४ चं, इंजिन निस्सानचं आणि जन्मगाव कुर्ला! नावातलं 'एनई' ते निस्सान इंजिनाचंच. खंडाळ्याचा घाट ती पद्मिनीपेक्षा किती सहज चढते हे बाबा आल्यागेल्याला ऐकवत. सोसायटीत ती आमची फेरारी होती.

पण ते घाट चढण्यापुरतं झालं. वेगासाठीच म्हणून बांधलेली आधुनिक गाडी उसन्या पायावर उभी केली, तर ती कसाला उतरते का? माझ्या मते सगळं अवलंबून आहे ते नेमका कुठला भाग उसना घेतलाय यावर.

क्रायस्लर क्रॉसफायर घ्या. १९९८ साली डाइमलर आणि क्रायस्लरचं लग्न लागलं (२००७ मध्ये मोडलं). त्या संसारातलं हे अपत्य २००३ मध्ये आलं. दिसायला देखणी, पण पत्र्याखाली बहुतांशी १९९६ ची मर्सिडीज एसएलके. तिचं स्टेअरिंग जुन्या पद्धतीचं, छर्‍यांवरून फिरणारं, आपल्याकडच्या ट्रकमध्ये असायचं त्या जातीचं. पुढे एसआरटी-६ नावाच्या प्रकारात सुपरचार्जर बसवून ताकद ३३० हॉर्सपॉवरपर्यंत नेली. पण स्टेअरिंगचं काय करणार? रस्ता काय सांगतोय ते त्यातून हाताला नीट पोचतच नाही. आणि कळस म्हणजे २००४ मध्ये मर्सिडीजने स्वतःची नवी एसएलके आणली, ती रॅक अँड पिनियन स्टेअरिंग घेऊन. म्हणजे धाकट्या जावेला उतरलेली साडी देऊन थोरली नवी पैठणी नेसून आली. ही गाडी कसाला उतरली नाही, असं मी बेलाशक म्हणतो.

चॅलेंजरचं तसं नाही. मुळात ती 'आतून जुनी मर्सिडीज' हे अर्धसत्य आहे. सांगाडा क्रायस्लरचा. मागच्या सस्पेन्शनची रचना, सुरुवातीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स हे मर्सिडीजकडून आलं. आणि ते मागचं सस्पेन्शन तर चांगलंच होतं, तेवढ्यासाठी नाकं मुरडायचं कारण नाही. त्याच पायावर २०१५ च्या मॉडेलमध्ये ७०७ हॉर्सपॉवरची हेलकॅट निघाली आणि २०२३ मध्ये डीमन १७०, इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर १०२५! मूळ पाया आखणार्‍याने हा आकडा स्वप्नातही पाहिला नसेल. सरळ रस्त्यावर त्या पायाने कुठेही हात टेकले नाहीत.

खरी अडचण वजनाची. मोठ्या चार दारांच्या गाडीसाठी आखलेला पाया दोन दारांच्या गाडीखाली घातला की जादा किलो फुकट पदरात पडतात. हेलकॅट दोन हजार किलोच्या आसपास. २०१६ ची आठ सिलिंडरची कमारो साधारण १६७० किलो. सव्वातीनशे किलो म्हणजे चार धष्टपुष्ट पाहुणे कायम गाडीत. इथून तासाभरावर हेल नावाचं गाव आहे (हो, खरंच 'नरक', तिथे जाऊन आल्याचं लोक कौतुकाने सांगतात). तिथल्या तळ्यांच्या कडेच्या वळणांवर हे पाहुणे आपलं अस्तित्व दाखवतात. टायर कितीही रुंद घाला, भौतिकशास्त्र हप्ते माफ करत नाही.

आता माझ्या गाडीबद्दल. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. माझी २००६ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. नाव १९६४ पासूनचं, अस्सल अमेरिकन. गाडी मात्र ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो, आणि मोनारोचा पाया त्याआधीच्या जर्मन ओपेल ओमेगाचा. जनरल मोटर्सच्या बॉब लुट्झ यांनी हट्टाने ती २००४ मध्ये अमेरिकेत आणली. शेवटची दोन वर्षं तिच्यात सहा लिटरचं, ४०० हॉर्सपॉवरचं कॉर्व्हेटचं इंजिन होतं.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे १९६४ च्या लालभडक जीटीओशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांनी माझ्या गाडीकडे बघून नुसतं विचारलं, "कुठली?"

"ऑस्ट्रेलियाची."

"वाटलंच. ही जीटीओ नाही." मग माझ्याकडे बघून, "आणि तू कुठला?"

"मी त्याहून लांबचा."

ते हसले, पण मला ते लागलं. इतकी वर्षं इथे राहून, कर भरून 'तसा तू कुठला' हे अजून ऐकतो, गाडीनेही ऐकावं? मी त्यांना म्हटलं, जरा खाली वाकून मागचा एक्सल बघा. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघ्यावर बसला. जीटीओला मागे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. २००५ मध्ये कोर्‍या डिझाइनवर आलेल्या, शंभर टक्के अमेरिकन मस्टँगला मागे अखंड एक्सल होता आणि तो जायला २०१५ चं मॉडेल उजाडावं लागलं! म्हणजे जुना, परका पाया त्या बाबतीत दहा वर्षं पुढे होता. आजोबा उठले, पँट झटकली आणि "बॉनेट उघड" म्हणाले. त्यानंतर आम्ही तासभर बोलत होतो.

दोष आहेत. मागची ती रचना जुनी, भार पडला की चाकं कलतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. अमेरिकन अपघात-नियमांसाठी पेट्रोलची टाकी हलवावी लागली, त्यामुळे डिकी इतकी आक्रसली की भारतातून आलेल्या पाहुण्याच्या दोन बॅगा म्हणजे कोडंच. रूपही सरकारी अधिकार्‍याच्या गाडीसारखं.

आणि लोकांनी नाकारली ती त्या रूपासाठी. तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास खपून २००६ मध्ये बंद पडली. उलट वळणांवर जड असलेली चॅलेंजर १९७० च्या मुखवट्यावर २००८ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत चालली. २०२१ मध्ये तर अमेरिकेत मस्टँगहून जास्त खपली. परका पाया दोघींचाही. एकीला तो माफ झाला, कारण चेहरा ओळखीचा होता.

पाँटिअ‍ॅक २०१० मध्ये संपली. होल्डनचा अ‍ॅडलेडजवळचा कारखाना २०१७ च्या ऑक्टोबरात बंद झाला. पण तिकडे या गाड्या जपणारे खूप आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतात. मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश मागवून ठेवलेत. एप्रिलमध्ये रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन निघालं की बसवीन.