पाचवा आकडा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आमच्या घरात दोन कमाया होत्या. एक विनाअनुदानित उर्दू शाळेतली शिक्षिकेची नोकरी, दुसरी रिक्षा. रिक्षा २५ मार्चपासून दारात उभी राहिली आणि एप्रिलचा पगार अर्धाच आला. कांजूरमार्गला एल. बी. एस. रोडवर पूर्वी कारखाने होते. एका ठिकाणचे काम सुटले की माणूस दुसऱ्या गेटवर उभा राहायचा, असे अब्बा सांगत. आता तिथे टॉवर आहेत, आणि त्या दिवसांत टॉवरच्या गेटमधून कामवाल्या बायांनाही आत घेत नव्हते.

२५ एप्रिलला पहिला रोजा होता. एका नातेवाइकांनी जकातीची रक्कम पाठवतो म्हणून फोन केला. जकात घेण्यात कमीपणा नाही, तो हकदाराचा हक आहे. पण आम्ही दोघी, नणंद-भावजय, हातीपायी धड होतो. ती रक्कम आमच्याहून अडलेल्या घरी जावी असे वाटले. त्यांच्याकडून ३,००० रुपये आम्ही कर्जे-हसना म्हणून घेतले. बचत गटाचे कर्ज व्याजाचे होते, ते नको होते.

धंदा ठरवायला वेळ लागला नाही. समोसेवाला गावी निघून गेलेला, आणि इफ्तारला समोसा तर हवाच. खिमा सगळ्यांना जमतो; पट्टी जमत नाही. मैदा घट्ट मळायचा, छोट्या पोळ्या लाटून मध्ये तेल आणि कोरडा मैदा लावत एकावर एक रचायच्या, मग सगळी चळत एकत्र लाटून तव्यावर जेमतेम शेकायची. गरम असतानाच पदर सोडवायचे, पट्ट्या कापायच्या, ओल्या फडक्यात झाकायच्या. जास्त शेकली की पट्टी मोडते, कमी शेकली की पदर सुटत नाही. बाजींचा हात यात बसलेला होता.

वही मात्र शाळेतल्या हाताने लिहिली. मैदा, तेल, गॅस, पिशवी असे चार आकडे मिळून किलोला ५० रुपये. खाली पाचवा आकडा लिहिला: मजुरी ४०. बाजी हसल्या. "भाभी, हाथ तो अपनेच हैं ना! उसका कैसा पैसा?" दुकानदाराचेही तेच म्हणणे. "घरातच तर बसता. ५० वर १० घ्या आणि खूश राहा." त्याने शेवटपर्यंत आमची पट्टी ठेवली नाही. मागच्या गल्लीतल्या दूधवाल्याने ११० रुपये किलोने ठेवली.

त्या वेळी आम्ही बाजींना लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. देणगी घ्यायची नाही असे त्यांनी ठरवले होते. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, पण आम्हाला मोठी वाटते ती त्यांची वणाई. लाटणारी बाई पीठ घरी नेते, पापड आणून देते आणि लाटण्याची मजुरी घेऊन जाते. नफा-तोटा ही नंतरची बाब. आमच्याकडे गल्लोगल्ली बाया जरीकाम, फॉल-बिडिंग करतात. त्यांच्या हिशोबात दोरा असतो, डोळे नसतात.

पावसाळ्याने लिज्जतलाही छळले होते. पहिल्या वर्षी पापड सुकेनात म्हणून चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड, खाली शेगडी. आमची अडचण उलटी, पट्टी ओली ठेवावी लागते आणि जुलैच्या हवेत तिला लगेच बुरशी धरते. म्हणून ऑर्डर आली तरच मळायचे, असे ठरले. अन्न नोंदणीही केली. १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला तेव्हा वर्षाची फी १०० रुपये होती. एवढी स्वस्त गोष्ट आमच्या वस्तीत कुणाला माहीत नव्हती, याचे नवल वाटले.

३,००० रुपये बकरी ईदच्या आधी परत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतले पहिली ते सातवीचे वर्ग उघडले आणि दोघींतली एक पुन्हा खडूकडे वळली. पट्टी बाजी करतात. रमजानमध्ये शेजारच्या दोन मुली लाटायला येतात. संध्याकाळी इफ्तारीच्या आधी बाजी वही उघडून त्यांचे पैसे आधी हातावर ठेवतात, मग मैद्याचे बिल बघतात.