दुसऱ्याच्या नावाची गोळी

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, झोप नोकरीनेच मोडली. आलापल्ली वनविभागात वनरक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. सागाची चोरटी तोड अंधारात चालते, म्हणून गस्तही रात्रीची. निवृत्तीनंतर जंगल सुटलं, जागरण सुटलं नाही. मामीजी गेल्या आणि उरलीसुरली झोपही गेली. रात्री दोन-अडीचला ते ओसरीवर येऊन बसायचे. मी उठून विचारलं की म्हणायचे, "तू झोप बेटा. मले रात्र सरतच नाही."

डॉक्टरांनी तपासून त्यांना अल्प्राझोलमची कमी ताकदीची गोळी लिहून दिली, थोड्या दिवसांपुरती. संपली की पुन्हा दाखवायला या, असंही बजावलं. पण गोळीने झोप लागू लागली आणि पुन्हा दाखवणं मागे पडलं. मामाजी रिकामी पट्टी दुकानात नेत, "अशीच द्या" म्हणत, आणि नवी पट्टी मिळे. खरं तर अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच ती द्यायची, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. या गोळ्यांची शरीराला सवय लागते, म्हणून तो केला आहे. मामाजींचं तेच झालं. गोळी तीच, मात्रा तेवढीच, पण झोप पूर्वीसारखी येईना.

घरात आणखी एकाची औषधं होती. माझे धाकटे दीर कॉलेजात असताना आजारी पडले. समोर नसलेल्या माणसांचे आवाज त्यांना ऐकू यायचे. कोणीतरी आपल्या जेवणात काही कालवतंय, असं वाटून ते ताट सरकवून द्यायचे. पुजारी झाले, देवदेव झालं, मग नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठलं. आलापल्लीहून ते पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, ओलान्झापिन सुरू झालं आणि काही महिन्यांत आवाज मावळले. आता भाऊजी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतात, हिशेब चोख ठेवतात, माझ्या मुलांचा अभ्यास घेतात. रात्री जेवण झालं की गोळी घेतात आणि थोड्याच वेळात गाढ झोपतात. शेजारच्या खाटेवर कूस बदलत मामाजी हे रोज पाहायचे. त्यांच्या हिशेबी ती झोपेचीच गोळी होती, त्यांच्या गोळीपेक्षा दमदार.

पावसाळ्यातली एक रात्र. मामाजींनी आपली गोळी घेतली, झोप आली नाही. मग कधीतरी त्यांनी भाऊजींच्या पट्टीतून गोळी काढून घेतली. किती घेतल्या, मधे आपली गोळी पुन्हा एकदा घेतली का, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. हाही या औषधांचा एक धोका. अल्प्राझोलमच्या जातीच्या गोळ्यांनी काही वेळा घेतल्यानंतरच्या तासांची आठवणच उरत नाही. माणूस गोळी घेतो, विसरतो आणि पुन्हा घेतो.

सकाळी ते उठले नाहीत. घोरण्याचा मोठा आवाज येत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झोपू दे वं त्याहिले, किती दिवसांनी डोळा लागला." ऐकणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. पण त्या घोरण्यात घरघर होती. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. ह्यांनी खांदे हलवले, हाका मारल्या, पायाला चिमटा काढला. मामाजींनी पापणी जेमतेम उचलली आणि सोडून दिली. ओठांचा रंग बदलला होता. गादीखाली भाऊजींची पट्टी सापडली.

तोवर दारात माणसं जमली. कोणी लिंबू पिळून आणलं, कोणी ताक पाजायला सांगितलं, कोणी घशात बोट घालून ओकवायला. आमच्या वस्तीतल्या आशाताई धावत आल्या आणि त्यांनी आधी तो लिंबाचा पेला हातातून काढून घेतला. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही, गिळता येत नाही त्यांना, सगळं छातीत जाईल," त्या म्हणाल्या. त्यांनीच मामाजींना कुशीवर वळवलं, वरचा पाय गुडघ्यात दुमडला, हनुवटी थोडी उचलली. घरघर तिथल्या तिथे कमी झाली. जीभ आणि लाळ मागे सरून श्वासाची वाट अडत होती, ती मोकळी झाली. १०८ ला फोन लावला. भाऊजींनी दोघांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरल्या.

आलापल्लीहून अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय सहा-सात किलोमीटरवर. त्या सकाळी आमचं नशीब असं की आम्ही भामरागडला राहत नव्हतो. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडून इकडे येण्याची वाट बंद होते आणि रुग्णवाहिका असली तरी नदीपलीकडेच उभी राहते. रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय काय घेतलं?" ह्यांनी ती पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरांनी नावं वाचली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि कामाला लागले. ऑक्सिजन लावला, शिरेतून सलाईन सुरू केलं, रक्तदाब उतरलेला होता तो सांभाळला. बेशुद्ध माणसाची साखर उतरलेली असू शकते, म्हणून ती तपासली. ओलान्झापिनसारख्या औषधांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढला.

मी विचारलं, यावर उतारा नाही का? अल्प्राझोलमच्या वर्गावर उतारा आहे, फ्लुमाझेनिल नावाचा. पण ज्याला त्या गोळीची सवय लागली आहे, किंवा ज्याच्या पोटात आणखी काही औषधं गेली आहेत, त्याला तो दिला तर झटके येऊ शकतात. ओलान्झापिनवर तर उताराच नाही. म्हणून श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळत औषध शरीरातून उतरण्याची वाट पाहायची, एवढंच हाती असतं. दोन औषधांची सरमिसळ झाली की डॉक्टरांचे हातही बांधले जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मामाजींनी डोळे उघडले. ह्यांना ओळखलं, मला ओळखलं नाही. नंतरही ते दिवसभर गुंगीत असायचे, बोलताना जीभ अडखळायची, उभं केलं की रक्तदाब उतरून तोल जायचा. ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे तीस तास लागतात आणि म्हाताऱ्या शरीराला त्याहून जास्त. छातीत काही गेलं नव्हतं, हे मोठं सुदैव. बेशुद्धीत उलटी फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया पुष्कळदा औषधापेक्षाही घातक ठरतो.

नेमकं काय घडलं, ते डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन पेशींचा वेग कमी करतं. अल्प्राझोलम त्या रसायनाचा जोर वाढवतं, म्हणून मन निवतं आणि झोप येते. ओलान्झापिनचं मुख्य काम वेगळं. भास आणि संशय यांच्याशी जोडलेल्या डोपामाइनला ते आवर घालतं. पण जाता जाता ते हिस्टामाइनलाही अडवतं, त्याने गुंगी येते. आणि रक्तवाहिन्या आवळून धरणारी यंत्रणा सैल करतं, त्याने रक्तदाब उतरतो. म्हणजे भाऊजींना येणारी गाढ झोप हा त्या औषधाचा आनुषंगिक परिणाम. त्यांच्या शरीराने तो हळूहळू पचवला आहे, मात्राही टप्प्याटप्प्याने ठरवली आहे. मामाजींच्या शरीराने ते औषध कधी पाहिलंच नव्हतं, आणि आधीची गोळी रक्तात होतीच. दोन्हींची गुंगी एकमेकांवर चढली. ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि अल्प्राझोलमच्या वर्गातल्या औषधाचं इंजेक्शन एकाच वेळी देऊ नये, अशी सूचना खुद्द डॉक्टरांसाठी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अशी मनोविकाराची औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता.

माझा मुलगा इंग्रजी सिनेमे पाहतो. त्याने ‘द डार्क नाइट’मधल्या हीथ लेजरबद्दल सांगितलं. २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. वैद्यकीय तपासणीत वेदनाशामक, चिंता घालवणारी आणि झोपेची अशी सहा औषधं सापडली आणि मृत्यूचं कारण त्या सगळ्यांचा एकत्रित परिणाम, हा अपघात, असं नोंदलं गेलं. न्यूयॉर्क असो की आलापल्ली, शरीरातला हिशेब एकच आहे.

मामाजी घरी आले आणि घरात दुसरंच संकट उभं राहिलं. भेटायला येणारे म्हणू लागले, "असल्या जहरी गोळ्या घरात ठेवताच कशाले? पोराले देणं बंद करा." भाऊजींनाही तेच वाटू लागलं. आपल्या औषधामुळे बापाचा जीव जात होता, या विचाराने त्यांनी गोळी नाकारली. थोड्याच दिवसांत झोप तुटली, मग ताटाकडे पाहण्याची नजर बदलली. ती नजर आम्ही पूर्वी पाहिली होती. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी भाऊजींशी बोलून गोळी पुन्हा सुरू करून दिली आणि ते सावरले. या अपघाताने आमच्या घरातली दोन माणसं हिरावली असती, एक चुकीची गोळी घेऊन आणि दुसरं योग्य गोळी सोडून. दुसऱ्या धोक्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी तो इथे मुद्दाम लिहिते आहे.

भाऊजींची समजूत शेवटी मामाजींनीच घातली, आणि तीही जंगलाच्या भाषेत. आमच्या रानात सर्पगंधा मिळते. डोकं फिरलेल्याला, झोप उडालेल्याला तिचं मूळ देण्याची पद्धत जुनी. मामाजी म्हणाले, "वैदू मूळ देते तं माणूस पायते, वय पायते, ताकद पायते. एकाची मात्रा दुसऱ्याले देत नाही. मले हे ठाऊक होतं, पण गोळीच्या बाबतीत ध्यानात नाही आलं." हीच सर्पगंधा १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तपासली आणि त्यांचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि पुढे ते मनोविकारांसाठीही वापरलं गेलं. त्याच १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं गेलं आणि साखळदंडांत पडलेल्या या आजाराला औषध आहे, हे जगाला कळलं. पण रेसर्पिननेही रक्तदाब फार उतरू शकतो, काहींचं मन खचतं. औषध मुळात असो वा पट्टीत, कोणाला आणि किती, हे ठरवल्याशिवाय ते औषध होत नाही.

आमच्या भागात माणसं एकमेकांच्या गोळ्या का घेतात, हेही समजून घ्यायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ दूर, गाडीभाडं आहे, दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे जाताना कोणी पाहिलं तर, ही भीती वेगळीच. शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला ती आपणही घेऊन पाहावी, असं वाटणं गरिबीतून आणि अंतरातून येतं. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची घरोघरी असते, आणि तीही याच गुंगीत भर घालते. संध्याकाळी मोहाची घेतलेल्या माणसाने रात्री झोपेची गोळी घेणं, म्हणजे श्वासाशी केलेला तोच खेळ.

आता आमच्या घरात दोघांची औषधं वेगवेगळ्या कुलपात असतात. मी भाऊजींची रात्रीची गोळी देते, ह्यांच्याकडे मामाजींची. मामाजींची झोपेची गोळी डॉक्टरांनी एकदम बंद केली नाही, कारण सवय लागलेली गोळी तडकाफडकी तोडली तर झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू उतरवत आणली. दुपारचं झोपणं बंद, संध्याकाळनंतर चहा बंद, सकाळी डेपोच्या रस्त्याने चालणं, आणि मामीजींबद्दल बोलायला कोणीतरी जवळ. त्यांचा निद्रानाश बराचसा दुःखाचा होता, आणि ते दुःख बोलून हलकं झालं. बोलण्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्याला तालुक्याला जाणं जमत नाही, त्यानेही झोपेसाठी शेजाऱ्याची पट्टी मागण्याआधी हा फोन करावा.

कोणी नेहमीपेक्षा गाढ झोपलं असेल, घरघर येत असेल, हलवूनही जागं होत नसेल, तर ती झोप समजू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला बोलवा, घरातल्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. मनोविकाराच्या औषधाची लाज बाळगून पट्टीवरचं नाव खरडून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. त्या नावावरच जीव वाचतो. भाऊजींची गोळी भाऊजींना रोज मिळालीच पाहिजे आणि ती दुसऱ्या कुणाच्याही पोटात जाता कामा नये. एकाच छपराखाली या दोन्ही गोष्टी सांभाळता येतात, आम्ही त्या सांभाळतो आहोत, आणि प्रत्येक घराने सांभाळाव्यात.