शेलला दोष देण्याआधी डिस्क बघ

पाथरी

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. जुन्या एससीओ युनिक्सवर लॉगिन होतंय, पण स्क्रिप्ट मध्येच थांबते, व्हीआयमध्ये लिहिलेलं सेव्ह होत नाही, आणि तुझे साहेब म्हणतात की शेल बिघडलंय, मशीन बंद करून चालू करा. एवढं माझं ऐक, अजून बंद करू नकोस. इतक्या वर्षांची हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आत लोकांच्या पैशांची खाती आहेत.

मला हे दुखणं डिस्कचं दिसतंय. बॉर्न शेलच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलाच मजकूर एखाद्या कमांडला द्यायचा असेल तर शेल टीएमपी डिरेक्टरीत तात्पुरती फाइल करतं. व्हीआयलाही अशी फाइल लागतेच. रूट फाइलसिस्टिम भरली की दोघंही एकदम अडतात आणि खापर शेलवर फुटतं. म्हणून आधी 'डीएफ' देऊन बघ. जागा शिल्लक दिसली तरी तेवढ्यावर समाधान मानू नकोस, आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी, किती उरलेत तेही बघ. जुन्या फाइलसिस्टिममध्ये आयनोडची संख्या ती तयार करतानाच ठरून जाते. बारीकसारीक फाइलींचा ढीग साचून आयनोड संपले, तर मेगाबाइट रिकामे असूनही नवी फाइल होत नाही.

जागा खाल्ली कोणी, हे 'डीयू' सांगेल, पण दोन ठिकाणी माणसं हमखास बघत नाहीत. एक म्हणजे रूटची डाक. क्रॉनने रात्री चालवलेल्या प्रत्येक कामाची बडबड तिथे मेल होऊन पडते आणि वर्षानुवर्षं ती कोणी उघडत नाही. दुसरी जागा डेव्ह डिरेक्टरी. एका संस्थेत मी तिथला घोळ डोळ्यांनी पाहिलाय. रोज संध्याकाळी टेपवर बॅकअप घ्यायचे. कमांड लिहिताना टेपच्या नावातला शेवटचा शून्य राहून गेला. त्या नावाचं उपकरण नव्हतं, म्हणून युनिक्सने त्याच नावाची साधी फाइल डेव्हमध्ये तयार केली आणि सगळा बॅकअप तिच्यात ओतला. एरर आली नाही. रजिस्टरमध्ये 'बॅकअप झाला' अशी सही रोज होत होती, टेप कोरी होती, आणि ज्या डिस्कच्या बिघाडापासून जपायचं त्याच डिस्कवर ती प्रत बसून डिस्क भरत चालली होती. 'फाइंड'ला डेव्हमधल्या फक्त साध्या फाइली शोधायला सांग. काही मोठं सापडलं तर आधी मला कळव, मग पुसू.

पुसण्याचंही ऐकून ठेव. एखादा चालू प्रोग्राम ज्या लॉगमध्ये लिहितोय ती फाइल 'आरएम'ने काढलीस, तर नाव जातं, पण तो प्रोग्राम ती धरून बसलाय तोवर जागा सुटत नाही. मग माणूस घाबरून आणखी फाइली उडवतो. अशा लॉगची प्रत दुसरीकडे घे आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी कर.

आणि समजा 'एलएस'सुद्धा चालेना, तरी हात टेकू नकोस. 'एको' देऊन पुढे नुसती चांदणी टाक, डिरेक्टरीतली नावं समोर येतील. चांदणीचा विस्तार शेल स्वतः करतं आणि बहुतेक शेलमध्ये 'एको' आतच असतं, डिस्कवरून वेगळा प्रोग्राम आणावा लागत नाही. स्टीफन बॉर्न यांचं हे बॉर्न शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं. अप ॲरो दाबून मागची कमांड त्यात येत नाही, पण अडचणीत ते साथ देतं. रूटचं शेल म्हणूनच कधी बदलू नये. हौसेने बॅश लावलं, ते बॅश यूएसआरमध्ये, आणि सिंगल युजर मोडमध्ये यूएसआर माउंटच नाही, अशी गत झाली की रूटलाच दार बंद होतं. मग इमर्जन्सी फ्लॉपीने मशीन उठवून पासवर्ड फाइलमधला शेवटचा रकाना दुरुस्त करावा लागतो.

आपल्याकडे ही विद्या पुस्तकापेक्षा भारनियमनाने शिकवली. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत संगणकाला वाट मिळाली, पुढे मराठवाड्यातही एका पेटीला चार-सहा डंब टर्मिनल जोडून कामं चालू लागली. युनिक्स लिहायचं ते आधी मेमरीत ठेवतं आणि काही सेकंदांनी डिस्कवर उतरवतं. नेमकी तेव्हा वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की फाइलसिस्टिम अर्धवट राहायची. सकाळी फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एफएसचेकचे पाच टप्पे पूर्ण होईपर्यंत काउंटरवर माणसं पासबुक घेऊन उभी असायची. ज्या फाइलींचं नाव हरवलं त्या 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये नुसत्या आयनोड नंबराने पडतात. त्यातली कोणती बचत खात्याची आणि कोणती कर्जाची, हे उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. ते वाचायला वेळ लागतो आणि तो देणं आपलं काम आहे, कारण त्यातली एक ओळ म्हणजे कोणाचे तरी कापसाचे पैसे असतात.

एफएसचेक माउंट केलेल्या फाइलसिस्टिमवर चालवू नकोस. कन्सोलवर रीड एरर येत असतील तर तो मुळीच नको, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर तो लिहायला लागतो. आधी 'डीडी'ने, एररवर न थांबण्याचा पर्याय देऊन, अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घे. दुरुस्ती त्या प्रतीवर कर.

साहेबांना माझं नाव सांगून एक दिवस मागून घे. प्रत झाली की फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
मामा